बोलण्याची पदवी घ्यायची तर

(देवगड येथे बचत गटांतील स्त्रिया, त्यांच्या दहावी-बारावीच्या मुली आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्या यांच्यापुढे केलेले भाषण. बोलण्याचा बाज ठेवून थोडे आटोपशीर केले आहे.)

मैत्रिणींनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलींनो,

मला दिलेला विषय असा आहे : शाळा संपल्यावर संवादशास्त्राची, म्हणजे बोलण्याशी संबंधित अशी पदवी घ्यावी का, आणि घेतली तर पुढे काय करता येते. विषय सांगितल्याबरोबर मागून कुणीतरी हळूच म्हणाले, ‘बोलूक शिकूक पदवी कित्याक व्हयी?’ हसू नका, प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडच्या बायकांना बोलायला कुणी शिकवावे लागत नाही. बंदरावर मासळीचा दर ठरतो तेव्हा, आंब्याच्या पेट्या भरताना, एसटीची वाट बघताना आपल्या गजाली चालूच असतात. पण दर पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याला गप्प करणारी हीच बाई ग्रामसभेत गेली की पदर सारखा करून मागे बसते. १९९३ च्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा आल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. खुर्ची कायद्याने मिळाली, तरी अजून कितीतरी ठिकाणी सरपंचबाईंच्या वतीने त्यांचे यजमान बोलतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

म्हणजे बोलता येणे वेगळे आणि ज्या बोलण्याला पैसा, मान आणि नोंद मिळते ते बोलणे वेगळे. हे दुसरे बोलणे कुणाला शिकवले गेले, हे बघायचे तर लांब जायला नको. आपला दशावतारच घ्या. लिहिलेली संहिता नाही. कथा ठाऊक असते आणि संवाद नटाने तिथल्या तिथे रचायचे, तेही रात्रभर. हजरजबाबी बोलण्याचे एवढे कसदार शिक्षण महाविद्यालयातही मिळणे कठीण. पण ते पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांकडून पुरुषांकडे गेले. द्रौपदी पुरुष झाला, सीता पुरुष झाला, त्यांची दुःखेही त्यानेच बोलून दाखवली, आणि बाई समोर चटईवर बसून ऐकत राहिली. अलीकडे स्त्रियांनीही दशावतार उभा केला आहे, ते पाहायला आपण आवर्जून जायला हवे.

बाईने बोलण्यावर पोट भरणे ही मात्र आजकालची गोष्ट नाही. पंडिता रमाबाईंचे सगळे कुटुंब गावोगाव हिंडून पुराणे सांगत असे. तेच त्यांचे उत्पन्न. दुष्काळात आईवडील गेल्यावर भावाबरोबर त्या हिंडत राहिल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले तेव्हा त्या विशीत होत्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर मागितल्या. आणि त्याच काळात पुण्यात रमाबाई रानडे सभेत इंग्रजीतून लिहिलेले वाचून दाखवतात, तर घरातल्याच बायका त्यांना टोचून बोलतात. हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ‘लहान तोंडी मोठा घास’ ही म्हण आपल्या घरांत मुलाला जेवढ्या वेळा ऐकवतात त्याच्या कितीतरी पट मुलीला ऐकवतात.

आता पदवीकडे येऊ. बोलणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, असे ठासून सांगितले ते अमेरिकेतल्या शिक्षकांनी. १९१४ साली भाषण शिकवणारे १७ शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले. बोलणे हे निबंधाचे शेपूट नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या संघटनेने पुढे १९७० मध्ये ‘स्पीच कम्युनिकेशन’ हे नाव घेतले. तोतरे बोलणाऱ्यांवर, बोलता न येणाऱ्यांवर काम करणारी मंडळी १९२५ मध्ये त्यांतूनच वेगळी झाली. तिथे वादविवाद, रेडिओ, नाटक आणि वाचादोष ही एकाच घरातली भावंडे होती. आपल्याकडे ती एका छपराखाली वाढली नाहीत. ‘स्पीच कम्युनिकेशन’ अशी पाटी शोधत मुंबईला गेलात तर निराशा होईल. त्यातले जे हवे ते कुठल्या दारामागे आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.

बहुतेक मुलींना एकच दार दिसते, ते माध्यमांचे. मुंबई विद्यापीठाने २००० साली ‘बीएमएम’ हा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, २०१९ पासून त्याला ‘बीएएमएमसी’ म्हणतात. बारावीच्या कोणत्याही शाखेतून तिथे जाता येते. पत्रकारिता आणि जाहिरात हे त्याचे दोन मुख्य रस्ते. पुण्यात विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ पासून आहे, लोक त्याला रानडे इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात. तिथे पदवीनंतर जायचे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात, आपल्या एसएनडीटीत, माध्यमांचेही शिक्षण आहे आणि विस्तारकार्य व संवाद असाही विषय आहे. हा दुसरा विषय तुम्ही कुणी विचारात घेत नाही, कारण त्याच्या नावात चमक नाही. शेती, आरोग्य, पोषण यांची माहिती गावातल्या बाईपर्यंत कशी न्यायची, याचे ते शिक्षण. आशाताई आणि अंगणवाडीताई हे काम रोज करतात, फरक एवढाच की त्यांना ते कुणी शिकवलेले नसते.

माध्यमांच्या पदवीबद्दल माझे मत जरा कडू आहे, ते सांगूनच टाकते. माईक कसा धरावा, बातमी कशी लिहावी हे एका वर्षात येते. पण बातमी कशाची लिहिणार? आपल्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांचा आणि पारंपरिक मच्छीमारांचा झगडा वर्षानुवर्षे चालू आहे. २०१६ साली शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तो मिटलेला नाही. त्यावर लिहायचे तर जाळ्याचा आस किती, माशाची वीण कधी, सागरी हद्द किती वाव पाण्यापर्यंत, हे ठाऊक हवे. मासळी सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांचे त्यात काय बुडते हे तर कुणीच लिहीत नाही. म्हणून ज्या मुलीला बाहेर जाणे लगेच शक्य नाही, तिने इथेच देवगडच्या किंवा कणकवलीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मराठी अशी साधी पदवी नीट करावी आणि मग पत्रकारितेला जावे. तिचे काही वाया जात नाही. उलट तिच्याकडे सांगायला काहीतरी असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथ्या वर्षाची सक्ती नाही.

शिवाय पगाराचे बोलू. आकाशवाणीवर बोलायला मिळावे असे पुष्कळ जणींना वाटते. तिथे नैमित्तिक निवेदकाला महिन्यातले मोजके दिवस काम मिळते आणि तेवढ्याच दिवसांचा मेहनताना. वृत्तपत्रांचे तालुका वार्ताहर बहुतेक करून जाहिरातींच्या टक्क्यांवर जगतात, आणि जाहिरात गोळा करायला संध्याकाळी हॉटेलमालकाकडे, पुढाऱ्याकडे जावे लागते. मुलीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला फोड करून सांगायला नको. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा हंगामी, कंत्राटी, रोजंदारी अशा सगळ्या स्त्रियांना लागू आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या कचेरीतल्या मुलीने जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची असते. अशी समिती आहे, हे किती जणींना माहीत आहे? हात वर करू नका, मला दिसते आहे. आणि ज्या मुली जाहिरातींना, मालिकांना आवाज देण्याचे काम बघणार आहेत, त्यांनी आता आणखी एक प्रश्न विचारायचा : माझा आवाज संगणकाला शिकवायला वापरणार आहात का? करारात तसे लिहिले असेल तर एकदाच पैसे देऊन तुमचा आवाज कायमचा वापरला जाईल. सही करण्याआधी करार घरी आणा, वाचून घ्या.

हे सगळे ऐकून कुणाच्या आईने मनातल्या मनात ‘मग नकोच’ म्हटले असेल, तर तिला मी दुसरे दार दाखवते. त्याच्याकडे आपल्या भागातून फारच थोड्या मुली जातात आणि गरज मात्र इथेच आहे.

मूल दोन-अडीच वर्षांचे झाले आणि बोलत नाही. घरात काय होते? आधी म्हणतात, याचा बापूसही उशिराच बोललेला. मग नवस, मग अंगारा, आणि मग आईकडे बोट : ग्रहणात काही चिरले असशील, मोबाईल दिला असशील. कानाची तपासणी व्हायला तिसरे-चौथे वर्ष उजाडते. भाषा पकडण्याची सगळ्यात मोलाची वर्षे तोवर निघून गेलेली असतात. मूल ऐकत नसेल तर पहिल्या काही महिन्यांतच कळायला हवे. यंत्र किंवा शस्त्रक्रिया झाली तरी काम संपत नाही, त्यानंतर महिनोन्‌महिने बोलणे शिकवावे लागते. ते शिकवणारी ती वाचा-उपचारतज्ज्ञ. पक्षाघातानंतर शब्द हरवलेली म्हातारी माणसे, घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र गेलेले लोक, अडखळत बोलणारी मुले हीही तिचीच माणसे. अडखळणाऱ्या मुलाला शाळेत चिडवतात, अडखळणाऱ्या मुलीला तर पाहुण्यांसमोर बोलूच देत नाहीत, दाखवण्याच्या कार्यक्रमात आईच उत्तरे देते. उपचार लागतो हे कुणाला सुचत नाही, स्थळ निघून जाईल एवढेच सुचते.

या कामाची पदवी म्हणजे ‘बीएएसएलपी’, श्रवण आणि वाचा यांची. चार वर्षे, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. म्हैसूरची राष्ट्रीय पातळीवरची संस्था १९६५ ची. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था १९८३ पासून आहे, नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळते. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. १९९२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय हे काम करणे गुन्हा आहे. मला ही जाचक अट वाटत नाही, तिच्यामुळेच या पदवीला किंमत आहे. निवेदिकेचे काम उद्या कुणीही करू शकेल, हे करता येणार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर लहान मुलांसाठी जी शीघ्र उपचार केंद्रे सांगितली आहेत, त्यांच्या पथकात या तज्ज्ञाची जागा धरलेली आहे. याशिवाय रुग्णालये, विशेष शाळा आणि स्वतःचा दवाखाना.

एक गोष्ट मात्र आजच ऐकून ठेवा. या अभ्यासक्रमाला बारावी विज्ञान लागते, भौतिक, रसायन आणि त्याबरोबर जीवशास्त्र किंवा गणित. म्हणजे निर्णय बारावीनंतर नाही, दहावीनंतरच होऊन जातो. ‘मुलगी आहे, कला शाखेत घाला, कॉलेज जवळ आहे’ असे जूनमध्ये चार वाक्यांत ठरते तेव्हा हे दार तिच्या नकळत बंद होते. दहावीच्या मुलींच्या आयांना म्हणूनच आज मुद्दाम बोलावले आहे.

आणि या कामात मालवणीचे काय होते ते बघा. शहरातल्या दवाखान्यात मुलाला शिकवतात, ‘मला हवं’. मूल घरी येते तेव्हा आजी म्हणते, ‘काय व्हया तुका?’ कष्टाने दोन शब्द कमावलेल्या त्या लेकराला घरातलीच भाषा परकी. ज्या भाषेत त्याला भूक लागल्याचे सांगायचे आहे, त्याच भाषेत आधी शिकवायला हवे, आणि ते करायला ‘माका व्हया’ म्हणणारीच मुलगी लागते. तिच्या जिभेवरची मालवणी इथे दोष राहत नाही, ती तिची कामाची शिदोरी होते. आठवड्यातून एकदा मुलाला कडेवर घेऊन देवगडाहून एसटीने ओरोसला नाही तर कोल्हापूरला जाणारी आई, दिवसाची मजुरी बुडवणारी आई, तिचा प्रवास वाचेल तो वेगळाच.

कला शाखेतल्या मुलींनी हिरमुसायचे कारण नाही. खुणांच्या भाषेची दुभाषी हेही शिकून करण्याचे काम आहे, त्याला विज्ञान लागत नाही. याचे मोल चळवळीतल्या बायकांना मी अधिक सांगायला नको. बोलू-ऐकू न शकणाऱ्या मुलीवर अत्याचार झाला तर तिचा जबाब कोण घेणार, असे म्हणून प्रकरणे विझवली जात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांच्या जबाबासाठी दुभाषी आणि विशेष शिक्षक यांची मदत घेण्याची तरतूद केली. अपंग स्त्रीचा जबाब दुभाषीच्या किंवा विशेष शिक्षिकेच्या मदतीने, चित्रीकरणासह घ्यायचा, ही तरतूद २०१३ च्या दुरुस्तीने फौजदारी संहितेत आली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. पण कागदावरचा दुभाषी पोलीस ठाण्यात आपोआप येऊन बसत नाही. जिल्ह्यात अशी प्रशिक्षित बाई नसेल तर शेजाऱ्याला नाही तर नातेवाइकालाच दुभाषी करतात, आणि कधी कधी आरोपी त्याच घरातला असतो.

ऐकून घेणे हाही बोलण्याच्याच विद्येचा भाग आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत पोलिसांच्या कचेरीतच स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या बाईशी काय बोलायचे, त्याहून जास्त काय बोलायचे नाही, याचे शास्त्र तिथे उभे राहिले. त्यासाठी समाजकार्याची पदवी लागते. गावात बायकांचे भांडण सोडवणाऱ्या, रडणारीजवळ गप्प बसून राहणाऱ्या ज्या जणी आहेत त्यांच्या मुलींनी तिकडे बघावे.

बोलीची गोष्ट निघाली आहे तर थोडी पुढे नेते, कारण शहरात शिकायला गेलेल्या मुली पहिल्या महिन्यात याच जागी मोडतात. वर्गात तोंड उघडले की हेल ऐकून हसतात. मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून मालवणी मुंबईच्या रंगभूमीवर गाजवली, त्याचा अभिमान आपल्याला आहेच. पण त्याचा परिणाम असाही झाला, की मालवणी म्हटले की समोरचा हसायच्या तयारीतच असतो. आपल्या भाषेत दुःख, हिशेब, कायदा, आजार हेही बोलता येते, हे अजून त्याच्या कानावर पडलेले नाही.

ते पाडायचे कसे? तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर गाव आहे. तिथल्या दलित शेतकरी बायकांच्या संघांनी १९९८ मध्ये युनेस्कोच्या मदतीने रेडिओचा छोटा स्टुडिओ उभा केला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही लोकांची मालमत्ता आहे असे म्हटले होते, तरी गावातल्या संस्थांना परवाना देण्याची सोय नव्हती. म्हणून दहा वर्षे त्या नुसत्या टेपा भरत राहिल्या आणि संघांच्या बैठकीत वाजवत राहिल्या. बियाणे, भरडधान्ये, सण, दाईचे ज्ञान, सारे आपल्याच तेलुगू बोलीत. २००६ मध्ये धोरण बदलले आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संगम रेडिओ’ हवेत गेला. तो चालवणाऱ्या दोघींचे नाव नरसम्मा. दोघी त्याच भागातल्या शेतकरी कुटुंबांतल्या. आपल्याकडे साताऱ्यात म्हसवडला माणदेशी बायकांचे रेडिओ केंद्र आहे. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ पासून ग्रामीण बायकांनी बुंदेली बोलीत ‘खबर लहरिया’ हे वर्तमानपत्र काढले. या बायकांना आधी पदवी मिळाली आणि मग त्या बोलल्या, असे झाले नाही. पण हिशेब ठेवायला, परवाना मिळवायला, यंत्र दुरुस्त करायला शिकलेल्या माणसांची साथ लागलीच. तुमच्यातली एखादी शिकून परत आली, तर देवगडला ती साथ घरचीच मिळेल.

आता आयांच्या मनातला खरा प्रश्न : पैसे आणि राहणे. शासनाच्या २०२४ च्या निर्णयाने वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, आणि तुम्ही निवडलेला अभ्यासक्रम त्यात बसतो का हे लेखी विचारून घ्यायचे. अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलींना शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे. शुल्क माफ झाले तरी खोली आणि खाणावळ राहतेच. महाविद्यालय बघायला जाल तेव्हा ग्रंथालयाआधी मुलींचे वसतिगृह बघा. दार किती वाजता बंद होते, उशिरा सुटणाऱ्या तासानंतर मुलीला आत घेतात का, हे विचारा. रेल्वे कणकवलीपर्यंत आहे, मुलगी सुट्टीला येऊ शकते, ‘ती गेली’ असे समजू नका.

आणि महाविद्यालयाच्या कचेरीत एवढे नक्की विचारा : मागच्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेल्या मुली आज कुठे काम करतात? उत्तरादाखल गुळगुळीत रंगीत पुस्तिका हातात दिली, तर ती नमस्कार करून परत करा आणि त्या मुलींपैकी कुणाशी बोलता येईल का ते विचारा.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला यांसाठी अर्ज निकालानंतर टाकू नका, तेव्हा सेतूसमोर रांग असते. आमच्या दोघी कार्यकर्त्या त्या टेबलाशी बसल्या आहेत, अर्ज कसा भरायचा ते त्या दाखवतील. दहावीच्या मुलींनी आधी या, आणि आईला बरोबर घेऊन या.